मदत हवी आहे: एसजीपीटी नॉर्मल, तरी शंटचं ऑपरेशन अडवलंय

घाईत_आहे: बाबांना पोर्टल हायपरटेन्शन, लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेत दाब वाढलाय. दोनदा रक्ताची उलटी, दोन्ही वेळा बँडिंग, म्हणजे अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा रबराने बांधल्या. शंट, म्हणजे रक्ताला लिव्हर टाळून दुसरी वाट, करायचं ठरलेलं. लिव्हरच्या रक्ततपासण्या: एसजीपीटी ३८, एसजीओटी ४१. तरी सर्जन म्हणतात, लिव्हरला झेपेल का बघू, आणि पुन्हा रक्त काढलं. कशाला वेळ काढतायत? लवकर सांगा.

निशाचर: बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठण्याचा आकडा)? पोटात पाणी? सिरॉसिस (लिव्हर कडक होणं) आहे की नुसती पोर्टल व्हेन बंद? लिहायचं तेच राहिलंय.

मुळाक्षर: आमच्या मामांना काढ्याने फरक पडला. विचारा, पाठवते.

निशाचर: लिव्हरच्या पेशंटला काढा नको हो!

घाईत_आहे: सिरॉसिस. २.४, २.९, १.८. पाणी थोडं, गोळ्या चालू. पण एसजीपीटी नॉर्मल आहे ना?

निशाचर: एसजीपीटी पेशींची मोडतोड दाखवतं, लिव्हर काम किती करतं ते नाही. शिवाय जुन्या सिरॉसिसमध्ये ते नॉर्मल येऊ शकतं. लिव्हर किती निकामी ते मोजायला चाइल्ड-पगचे गुण असतात. त्यात तुमच्या तिन्ही आकड्यांना दोन-दोन, पाण्याला दोन, बाबांची शुद्ध, म्हणजे भान, नीट असेल तर एक. झाले ९, म्हणजे मधला गट, बी. १० ला सी, तिथे शंटचा धोका फार.

टाकाऊ_टिकाऊ: चाइल्ड-पग जुनं झालं. 'थोडं पाणी' म्हणजे किती, ज्याचं त्याने ठरवायचं! मेल्ड बघा, तो स्कोअर नुसत्या रक्ताच्या आकड्यांवर असतो. क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) किती?

निशाचर: मेल्डमध्ये शुद्धीचा हिशोबच नाही, आणि शंटनंतर तीच आधी बिघडते. आतड्याचं रक्त लिव्हरला वळसा घालून जातं ना.

पानगळ: प्लीहा काढणार असतील तर आधी लसी घ्या.

टाकाऊ_टिकाऊ: प्लीहेचं कुणी विचारलंय?

निशाचर: @घाईत_आहे, बाबा झोपतात कधी?

घाईत_आहे: दिवसभर. रात्री टक्क जागे. वयामुळे असेल. परवा चेकवर सही करताना पेन रेघ सोडून खालीच घसरत गेलं, तीन चेक फाडले. क्रिएटिनिन मागच्या पानावर सापडलं, १.६.

निशाचर: अहो, हे आधी सांगायचं! ही शुद्ध बिघडल्याची लक्षणं. तिच्या एकाचे दोन झाले की ९ चे १०. सर्जनना माहीत आहे?

घाईत_आहे: त्यांनी विचारलं नाही.

टाकाऊ_टिकाऊ: क्रिएटिनिनही वाढलंय. ट्रान्सप्लांटवाल्यांना दाखवा.

निशाचर: ते नंतर. संडासला रोज होतंय?

घाईत_आहे: तीन दिवस नाही. का?

निशाचर: त्यानेच गुंगी वाढते. धागा सोडा, आत्ता फोन लावा.