शेतातली पांढरी सपाट करू की नको?

निफाडचा शेतकरी:
गोदाकाठी आमचं दोन एकर रान आहे. सगळं काळं, पण नदीच्या अंगाला दहा-बारा गुंठ्यांचा उंचवटा आहे, राखाडी भुसभुशीत मातीचा. सगळे त्याला पांढरीच म्हणतात, म्हणजे जुन्या वस्तीची जागा. आजोबा उन्हाळ्यात तिथली चार-दोन गाड्या माती खणून खत म्हणून रानात पसरायचे. धाकटा भाऊ आता म्हणतो, जेसीबी लावू, द्राक्षाच्या तीन ओळी वाढतील. परवा पावसानंतर फिरलो तर खापरं उघडी पडलेली: तांबडी, वर काळ्या रेघा, टिचकी मारली की खणकन वाजतात. एका कडेला मातीचा जुना बांधही आहे, आमच्यापैकी कोणी घातलेला नाही. काय करावं?

मातीची_ओढ:
दादा, आधी जेसीबी थांबवा. असं खापर जोर्वे संस्कृतीचं, म्हणजे तांब्या-दगडाची हत्यारं वापरणाऱ्या जुन्या शेतकऱ्यांचं असू शकतं, साधारण इ.स.पू. १४०० ते १००० मधलं. जोर्वे गाव संगमनेर तालुक्यातलं. तिथलं आणि नाशिकचं उत्खनन पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये केलं. तुमची वस्तू तीच आहे का, हे जाणकारानं हातात घेऊनच ठरवावं. पण बांधाचं वाचून मला इनामगाव आठवलं. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या त्या जोर्वे काळातल्या शेतकऱ्यांच्या गावात, जिथं जव पिकायचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजला १९६८ ते १९८३ च्या खोदकामात पुराचं पाणी वळवणारा पाट आणि त्याला लागून बांध सापडला. म्हणून खापरांपेक्षा बांध जपा. खापर उचलून ठेवता येतं, बांध एकदा मोडला की गेला.

जुनं_नाशिक:
आम्ही नाशिकच्या जुन्या मातीच्या गढीजवळ राहतो. दर पावसाळ्यात नदीकडची माती ढासळते, घरं रिकामी करावी लागतात. ती संरक्षित असून ही गत, तर तुमची पांढरी तर कुठल्या यादीतही नसणार. राज्य पुरातत्त्व खात्याच्या नाशिक कार्यालयात लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, पोच घ्या.

बांधावरचा:
जमीन जाईल का हो? माझ्याही रानात असंच आहे.

मातीची_ओढ:
नुसतं कळवल्यानं जागा संरक्षित होत नाही, त्यासाठी शासनाची अधिसूचना लागते. झालीच, तर केंद्राच्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. सातबारा नावावर राहू शकतो.

निफाडचा शेतकरी:
ताई, काल भावाला घेऊन बांधावर गेलो. त्यानं खापर हातात धरलं, बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, आजोबांनी किती गाड्या नेल्या असतील रे? जेसीबीवाल्याला ‘नको’ म्हणून कळवलं. अर्ज सोमवारी देतो.