‘संमती’, ‘स्वखुशी’ आणि इच्छेला मुरड घालणे : फिलेमोनाच्या पत्रातील दोन वचने

प्रश्न : प्रेषित पौलाने कैदेत असताना फिलेमोन या ख्रिस्ती गृहस्थाला लिहिलेल्या, नव्या करारातील पत्राच्या १३व्या वचनात फिलेमोनाचा दास अनेसिम याला आपल्याजवळ ठेवून घ्यावे असे माझ्या मनात होते, असे तो म्हणतो, आणि लगेच १४व्या वचनात, तुझ्या संमतीवाचून काही करणे मला नको वाटले, असेही म्हणतो. प्रवचनांतून याला सर्रास ‘पौलाचा त्याग’ म्हटले जाते. हा शब्द येथे बसतो का? आणि ‘संमती’च्या जागी ‘परवानगी’ किंवा ‘सल्ला’ म्हटले तर काय बिघडते?

उत्तर : ‘त्याग’ हा शब्द मला येथे अंमळ मोठा वाटतो. जे आपले असते त्याचाच त्याग करता येतो, आणि अनेसिम तर त्या काळच्या कायद्याने फिलेमोनाचा दास होता. ‘मन मारणे’ही चालणार नाही, कारण मन मारणारा माणूस सहसा काही बोलत नाही, आतल्या आत कुढतो, पौलाने मात्र आपल्या मनात काय होते ते स्वच्छ लिहून टाकले आहे. सुवार्तेसाठी मी बंधनात असताना तुझ्या वतीने याने माझी सेवा करावी, असे मला वाटत होते, हे तो लपवत नाही. म्हणून ‘इच्छेला मुरड घालणे’ हाच प्रयोग मला नेमका वाटतो.

मूळ ग्रीक क्रियापदांतही हा भेद दिसतो. १३व्या वचनातील ‘एबूलोमेन’ हे रूप चालू राहिलेल्या क्रियेचे आहे, म्हणजे ‘मनात घोळत होते’. १४व्या वचनातील ‘एथेलेसा’ हे एकदाच घडून गेलेल्या क्रियेचे, म्हणजे ‘ठरवले’. इच्छा बराच काळ होती आणि निर्णय एका क्षणी तिच्याविरुद्ध झाला, असा अर्थ त्यातून काढता येतो. (क्रियापदांच्या रूपांवर फार मोठा डोलारा उभारू नये, हे मान्य, पण येथे आशयही त्याच बाजूला आहे.)

आता ‘संमती’. मूळ शब्द ‘ग्नोमे’ हा मत, विचार, निर्णय या अर्थांनी येतो. ‘परवानगी’ म्हटले की वरचा आणि खालचा असे नाते उभे राहते, पण आठव्या-नवव्या वचनांत पौल स्वतःच म्हणतो की तुला आज्ञा करण्याचे धैर्य मला आहे, तरी प्रीतीस्तव मी विनंती करतो. ज्याला आज्ञा करता येते तो परवानगी मागत नसतो. ‘सल्ला’ तर ऐकून बाजूला ठेवता येतो. ‘संमती’त दोघांचे मत जुळणे अभिप्रेत आहे, म्हणून तोच शब्द राहू द्यावा.

तुझा चांगुलपणा जणू सक्तीने नव्हे, तर स्वखुशीने असावा, असे पौल त्याच १४व्या वचनात पुढे म्हणतो. तेथील ‘हेकूसिओन’ या शब्दासाठी ‘स्वखुशी’ हा आपला जुना शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात गणना १५:३ येथे याच शब्दाने स्वखुशीच्या अर्पणाचा उल्लेख होतो, त्यामुळे फिलेमोनाच्या चांगुलपणाला पौल जणू अर्पणाचा दर्जा देतो. आपल्याकडच्या खरेदीखतांतही ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून दिले’ असे शब्द असतात. तेथे ते कायद्यासाठी असतात, येथे भक्तीसाठी. शिवाय पौलाने सक्ती या शब्दाआधी ‘होस’, म्हणजे ‘जणू’, घातले आहे. सक्ती नसणे त्याला पुरेसे वाटत नाही. सक्तीचा भासही नको आहे. अनेसिमाला ठेवून घेऊन मागाहून पत्राने होकार मागवला असता तर फिलेमोनाला नाही म्हणण्याची सोयच उरली नसती. मराठीत आपण याला ‘गृहीत धरणे’ म्हणतो. म्हणून पौलाने माणूसच परत पाठवला, आणि संमतीला अर्थ आला तो त्यामुळे.

त्यावर आक्षेप : हे विवेचन पौलाच्या बाजूने फारच झुकलेले आहे. पत्र एकट्या फिलेमोनाला नाही. अफ्फिया, अर्खिप्प आणि फिलेमोनाच्या घरी जमणारी मंडळी यांनाही उद्देशून आहे. १९व्या वचनात ‘तू स्वतःच माझा ऋणी आहेस, हे मी बोलत नाही’ असे म्हणत तो ते बोलतोच, २१व्यात आज्ञापालनाचा भरवसा व्यक्त करतो आणि २२व्यात माझ्यासाठी उतरायची जागा तयार ठेव, असे सांगतो. चारचौघांत वाचल्या जाणाऱ्या अशा पत्राने जी भीड पडते, तिला स्वखुशी म्हणायचे का? आणि ज्याच्या आयुष्याचा हा प्रश्न आहे त्या अनेसिमाची संमती कोठेच नोंदलेली नाही.

उत्तर : दुसऱ्या मुद्द्याला माझ्यापाशी तोड नाही, पत्र त्याविषयी गप्प आहे आणि ती उणीव टीकाकारांनी दाखवावी हे रास्तच आहे. पहिल्याबाबत ‘भीड’ हा शब्द मी आनंदाने स्वीकारतो, कारण ‘सक्ती’ आणि ‘स्वखुशी’ यांच्या मधली जागा मराठीत त्यानेच दाखवता येते. पौल सक्ती टाळतो, भीड मात्र पुरती टाळत नाही. तरीही भीड पडलेला माणूस नकार देऊ शकतो, आणि अनेसिम आता फिलेमोनाच्या दारात उभा आहे, पौलाच्या हाताशी नाही.

नकार आला तर पौल कसा वागतो, हे करिंथच्या मंडळीला त्याने लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ १६:१२) पाहता येते. अपुल्लोस या सहकारी उपदेशकाने बंधूंबरोबर करिंथला जावे म्हणून त्याने पुष्कळ विनवले, पण आताच येण्याची मुळीच इच्छा नव्हती. सवड मिळाल्यावर तो येईल, एवढेच लिहून पौल पुढच्या विषयाकडे वळतो. ना कुरकुर, ना अपुल्लोसाविषयी एखादा टोमणा. येथे मूळ शब्द ‘थेलेमा’ आहे आणि इच्छा कोणाची ते ग्रीक वाक्यात सांगितलेले नाही, त्यामुळे काही जण ती देवाची मानतात. मला मात्र ती अपुल्लोसाचीच वाटते, कारण ‘सवड मिळाल्यावर’ हे पुढचे शब्द माणसालाच शोभतात.