शनिवार-रविवारसाठी केबिन बांधतोय, किती मोठी बांधू?

रानवाट
नमस्कार मंडळी, गावाबाहेर थोडी जमीन घेतलीय, कागदपत्रं झाली, बांधकामाची परवानगी पण हातात आली, आता खरी भांडणं घरात सुरू झालीत. मला एकच मोठी खोली आणि पुढे ऐसपैस व्हरांडा एवढंच पाहिजे, बायको म्हणते पाहुणे येणार म्हणजे दोन बेडरूम आणि वर माळा तरी हवाच, आणि मेव्हणा म्हणतो कशाला डोकेफोड, जुना कंटेनर आणून टाका, झालं घर. विहीर आहे, वीज नाही, लाइनचा खांब फार लांब आहे त्यामुळे सोलरच करावं लागेल. जाणार फक्त शनिवार-रविवार, तेही दर आठवड्याला जमेलच असं नाही. ज्यांनी बांधलंय त्यांनी सांगा आणि खरं सांगा, तिथे जाऊन आराम होतो की नुसता झाडू मारून परत यायचं?

ओळंबा
भाऊ, ही केबिन आठवड्यातले पाच दिवस कुलपात असणार हे आधी डोक्यात घ्या, बाकी सगळं त्यावरून ठरतं. बंद घरात आपण नसतो पण ओल, वाळवी, उंदीर सगळे नांदत असतात. जेवढ्या खोल्या जास्त तेवढ्या शनिवारी सकाळी उघडा, झाडा, वारा खेळवा, मग दुपार होते आणि तुम्ही दमून आडवे.

आता बांधायचं कसं. लाकडाची करणार असाल तर जमिनीपासून निदान दीड फूट उचला, खाली वाकून टॉर्च मारून बघता आलं पाहिजे. खांब थेट मातीत गाडू नका, काँक्रीटच्या ठोकळ्यावर लोखंडी शू (खांबाचा पाय धरणारी बैठक) बसवून त्यात उभे करा. वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करत वर चढते, ठोकळा उघडा असला की ती नळी लगेच दिसते, मातीत गाडलेल्या खांबात आतल्या आत पोखरून होतं तरी कळत नाही. दुसरं म्हणजे छपराच्या वळचणी दोन फूट तरी बाहेर काढा आणि पन्हळ लावा. पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून भिंतीच्या खालच्या फळ्यांवर उडतं, कुजायला सुरुवात तिथूनच होते, आणि लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी धरतच नाही. रंग-पॉलिश हे सगळं त्याच्या नंतर.

उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर, आत शिरतो. नुसता फोम मारलात तर आरामात कुरतडेल, आधी स्टील वूल कोंबा मग वरून सीलंट. हवेची भोकं बुजवायची नाहीत हां, त्यांना बारीक लोखंडी जाळी.

आणि खोदायच्या आधी एकदा जोरदार पावसात जमिनीवर छत्री घेऊन उभे राहा. पाणी कुठून येतं, कुठे साचतं ते बघा. माणसं व्ह्यू बघून जागा ठरवतात आणि मग जन्मभर चर खणत बसतात.

रानवाट
बापरे, एवढा विचार केलाच नव्हता. मग कंटेनरचं काय, त्याला वाळवीबिळवी नाही ना?

लोखंडी डबा
मी राहतो कंटेनरमध्ये वीकेंडला म्हणून सांगतो. वाळवी नाही हे खरं, पण मेव्हण्याला विचारा की क्रेन आणि ट्रेलर तिथपर्यंत येणार कसा? २० फुटी रिकामा डबासुद्धा दोन टनांच्या वर भरतो, कच्च्या रस्त्यावर वळण नीट नसेल तर तिथेच खेळ खलास. आतून रुंदी २.३५ मीटर, त्यात दोन्ही बाजूंनी इन्सुलेशन आलं की पलंग टाकल्यावर चालायला गल्ली उरते. इन्सुलेशन नाही केलंत तर दिवसा भट्टी आणि रात्री पत्रा गार पडला की आतल्या हवेतलं बाष्प छताला धरून अंगावर थेंब पडतात. मोठ्या खिडक्या कापायच्या असतील तर भोवती लोखंडी चौकट वेल्ड करावी लागते, कारण त्या नालीदार भिंतीच डब्याला ताठ ठेवतात. स्वस्त पडेल म्हणून घेऊ नका एवढंच.

फ्यूज उडाला
सोलरचं. आधी वापर लिहून काढा मग पॅनल. १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-अवर, लेड-अॅसिड असेल तर अर्धीच वापरायची नाहीतर लवकर मरते, लिथियम आयर्न फॉस्फेटची ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते. दिवे, फोन, छोटा पंखा यात मजेत भागतं. पाणी तापवायची इलेक्ट्रिक किटली विसरा, १५०० वॅटची किटली १२ व्होल्टवर १२५ अँपिअरच्या वर खेचते, मनगटासारख्या केबल लागतील. गॅस ठेवा. लांब फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा, आयडीवरून हसू नका.

रानवाट
लांब फ्यूज??

फ्यूज उडाला
लांब नाही, मेन फ्यूज. ऑटोकरेक्ट.

माळावरची ताई
संडासाचं कोणीच बोललं नाही 😀 विहीर आहे ना, मग शोषखड्डा तिच्यापासून ३० मीटर तरी लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला. कधीतरीच जाणार असाल तर कोरडा कंपोस्ट संडास बघा, लघवी वेगळी काढायची सोय असलेला, आणि दर वेळी वर भुसा टाकायचा. वास मुख्यतः दोन्ही एकत्र झाल्यामुळे येतो. पहिल्यांदा सगळे नाक मुरडतात, मग सवय होते.

आरामाचं विचारलंत म्हणून. आमचा नियम आहे की एका फेरीला एकच काम, दार घासतंय तर दार, पन्हळ तर पन्हळ, बाकीची यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली, ती वाचायची आणि व्हरांड्यात जाऊन बसायचं. निघताना टाकी रिकामी, नळ उघडे, गॅस बंद, धान्याचा एक दाणा बाहेर नाही. शेगडी किंवा कोळसा आत पेटवणार असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच, त्या वायूला रंग नाही वास नाही, झोपेत कळतही नाही. माळ्याबद्दल वहिनींना सांगा, गरम हवा सगळी वरच जाते, पत्र्याखालच्या माळ्यावर पाहुणे झोपवलेत तर परत येणार नाहीत, अर्थात तेच हवं असेल तर बांधा.

रानवाट
सगळं घरी वाचून दाखवलं. तह झालाय: एक खोली, माळा रद्द, पण व्हरांडा दहा फूट खोल आणि त्याला पडदे, म्हणजे पाहुणे तिथे झोपतील. कंटेनर ट्रेलरच्या मुद्द्यावर बाद, मेव्हणा जरा रागावलाय. पाऊस झाल्याशिवाय जमिनीवर आखणीची फक्की मारत नाही आता. ओळंबा भाऊ, दहा फुटी व्हरांड्याला वेगळे खांब घेऊ की छपराचे वासेच लांबवू?

ओळंबा
वेगळे खांब. दहा फूट अधांतरी वासे वाऱ्यात उचलले जातील. आणि व्हरांड्याची फरशी खोलीपेक्षा दोन इंच खाली, बाहेरच्या बाजूला उतार.