चहात मीठ, लोणी, मिरी, जॅम... आता फक्त फोडणी द्यायची राहिली

कडक_आणि_कमी
काल इथे "चहात हे घालून बघा" अशी एक पोस्ट आली होती, वाचली असेलच सगळ्यांनी. यादी काय, तर मीठ, लोणी, मिरी, संत्र्याची साल, ज्येष्ठमध, चमचाभर जॅम आणि कहर म्हणजे कॉफी. प्रत्येकापुढे तेच, "एकदा ट्राय करा, साधा चहा विसराल". अहो पण मला साधा चहा विसरायचाच नाहीये! खाली सगळे "वॉव, आजच करते" करत बसलेत, म्हणून तिथे न लिहिता वेगळा धागा काढतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. पावडर जुनी, डबा उघडा राहिलेला, पाणी धड उकळलेलं नाही, मग चहाला चव येत नाही, मग घाला लवंग, घाला दालचिनी. नुसती लपवाछपवी. चहा करायचं चक्क आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 3103, 1980 चं. 100 मिली उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम पत्ती, 6 मिनिटं झाकून ठेवा, गाळा, संपलं. त्यात लोण्याला जागा नाही.

आणि लोणीवाला चहा मी प्यायलोय, ऐकीव बोलत नाहीये. एका मित्राच्या डोक्यात ते खूळ शिरलं होतं. वर पिवळा तवंग, फुंकर मारली की बाजूला सरकतो आणि परत जवळ येतो. थोडा गार झाला तर कपाच्या कडेला पांढरट कडं जमलं, ओठ चिकट, मिशी चिकट, आणि हा समोर बसून विचारतोय, कसा झालाय? काय सांगणार. घरी येऊन साध्या चहाने चूळ भरली.

वाफाळलेली
लोण्याचं राहू द्या पण मिठावर घसरू नका. ते कुणा रिकामटेकड्याने काढलेलं नाहीये. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेतल्या ब्रिन मॉर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक मिशेल फ्रँकल यांनी सांगितलं की चिमूटभर मिठाने चहाचा कडवटपणा कमी होतो. मिठातलं सोडियम जिभेची कडू चव ओळखायची यंत्रणा दाबतं, बाकी काही जादू नाही. इंग्रज एवढे चवताळले की लंडनमधल्या अमेरिकन दूतावासाला पत्रक काढावं लागलं, चहात मीठ हे आमचं अधिकृत धोरण नाही म्हणून. आणि शेवटी काय लिहिलं, तर आम्ही आपले योग्य पद्धतीनेच चहा करत राहू, मायक्रोवेव्हमध्ये! मी तेव्हापासून जास्त उकळलेल्या चहात कणभर मीठ घालते. कळत पण नाही घातलंय ते.

कडक_आणि_कमी
कळत नाही तर घालायचं कशाला?

वाफाळलेली
कडूपणा जातो तो कळतो हो, मीठ कळत नाही. वाचून तरी उत्तर द्या.

तर्कटराव
धागाकर्त्यांनी आयएसओ काढलं म्हणून बोलणं भाग आहे. ते मानक चांगला चहा कसा करावा यासाठी नाहीच. दोन पत्त्यांची तुलना करायची तर दोन्ही एकाच पद्धतीने भिजवायला हव्यात, तेवढ्यासाठी ते आहे. चव तपासणाऱ्यांचं काम आहे ते, तुमच्याआमच्या सकाळचं नव्हे. ते ज्याच्यावर बेतलंय त्या ब्रिटिश मानकाला, सहा पानं आहेत म्हणे फक्त चहा कसा करायचा यावर, 1999 चं इग्नोबेल मिळालंय, म्हणजे नोबेलची नक्कल करणारं गमतीचं पारितोषिक, साहित्याचं. म्हणजे लोक हसले त्याला. आणि तुम्ही ते कायदा म्हणून दाखवताय.

तुमच्या मित्राच्या लोण्याबद्दल. तिबेटमध्ये चहात लोणी आणि मीठ घालून तो उंच लाकडी नळकांड्यात घुसळतात, जोर लावून. घुसळल्यावर लोणी चहात मिळून येतं, तवंग राहत नाही. थंडी, उंची, कष्टाचं काम, तिथे एका कपात उष्मांक पण मिळतात आणि मीठ पण. तुमच्या मित्राने चमच्याने ढवळलं असणार. दोष लोण्याचा नाही, मनगटाचा.

अर्धा_कप_पूर्ण_मत
सगळे मोठमोठ्या गप्पा मारताय, मला कोणीतरी एवढंच सांगा की आलं घातलं की दूध का फाटतं?? लोणी-जॅम नंतर बघू. परवा पाहुणे आलेले, दूध-पाणी कोमट झालं म्हणून ताजं आलं किसून टाकलं, दोन मिनिटांत पातेल्यात चोथा वर पाणी खाली. परत केला तर परत तेच. सासूबाई तिथेच उभ्या. बोलल्या काहीच नाहीत, ते जास्त लागलं.

बिनसाखरेचा
दूधच खराब असणार. आजकाल दुधात काय काय घालतात देव जाणे. पूर्वी तापवलं की बोटभर साय यायची, आता पिशवी फोडली की निळसर पाणी. यावर धागा काढा कोणीतरी, चहात काय घालायचं ते सोडा, दुधात काय घातलंय ते आधी विचारा.

अर्धा_कप_पूर्ण_मत
त्याच दुधाचं दही लावलं, मस्त लागलं. दूध ठीक होतं.

उकळी_फुटली
ताई, आलं आधी पाण्यात उकळायचं. चांगलं खळखळून. मग पावडर, मग दूध. आल्यात एक एन्झाइम असतं, झिंजिबेन, ते दुधातलं प्रथिन तोडतं. उकळीत ते निकामी होतं. कोमट दुधात कच्चं आलं म्हणजे तुम्ही त्याला आमंत्रणच दिलंत. चीनमध्ये ग्वांगडाँगकडे हेच मुद्दाम करतात, आल्याच्या रसावर गरम दूध ओततात आणि हलवत नाहीत, त्याची वडीसारखी खीर जमते. तुमचा चहा बिघडला नाही, डेझर्ट झालं.

शांता_स्वयंपाकघर
काहीही. मी लग्न झाल्यापासून आलं दुधातच घालते, आजपर्यंत एकदाही फाटलं नाही. एन्झाइम फक्त तुमच्याच आल्यात असतं का?

उकळी_फुटली
तुम्ही दूध उकळायला लागल्यावर घालत असाल. आलं पडल्या पडल्या मरतं ते एन्झाइम, दुधावर काम करायला वेळच मिळत नाही. कोमट असताना घालून बघा एकदा, मग बोलू.

शांता_स्वयंपाकघर
मी कशाला चांगलं दूध वाया घालवू तुमच्यासाठी.

उकळी_फुटली
म्हणजे फाटेल हे मान्य आहे तर.

शांता_स्वयंपाकघर
मी असं म्हणलं नाही. शब्द तोंडात घालू नका. वयाने मोठी आहे मी.

बिनसाखरेचा
आणि गूळ? गुळाचा चहा का फाटतो ते पण सांगा, का तिथे पण माझं दूध चांगलंच?

उकळी_फुटली
गूळ थोडा आंबट असतो आणि त्यात क्षार असतात, वरून दूध उकळतंय, मग ते धरत नाही. गॅस बंद करून गूळ घाला, किंवा कपात घालून वर चहा गाळा. दुधातलं केसीन, म्हणजे त्यातलं मुख्य प्रथिन, आंबटपणा वाढून पीएच (आम्लता मोजायचं माप, जितका कमी तितकं आंबट) साधारण 4.6 ला आला की खाली बसतं, लिंबू पिळल्यावर जे होतं ते हेच. दूध थोडं आंबटावायला लागलेलं असलं तर ती वेळ लवकर येते, तेवढा मुद्दा तुमचा घ्या.

बिनसाखरेचा
उपकार झाले.

कडक_आणि_कमी
मंडळी, धागा माझा आहे आणि त्यात आता दूध फाटण्यावर प्रबंध चाललाय. पण बघा, माझंच म्हणणं सिद्ध झालं. नुसती पत्ती, पाणी, दूध, साखर असती तर काही फाटलं असतं का?

दूध_नको
तुम्ही दूध या यादीत कसं धरलं हो? चहाच्या पानाला दुधाची काहीही गरज नाही. जगातले निम्मेअधिक चहाचे प्रकार बिनदुधाचे आहेत. तुम्ही ज्याला साधा म्हणता त्यातली सगळ्यात परकी गोष्ट दूधच आहे, फक्त सवयीची झालीये म्हणून दिसत नाही. 2007 मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या लोकांनी युरोपियन हार्ट जर्नलमध्ये छापलं होतं, काळ्या चहाने रक्तवाहिन्या सैलावतात, दूध घातलं की तो फायदा गायब. केसीन चहातल्या कॅटेचिनला, म्हणजे ज्याने तो फायदा होतो त्या घटकाला, धरून बसतं. मिरी-दालचिनीवर चिडण्यापेक्षा पातेल्यातल्या पांढऱ्यावर चिडा.

तर्कटराव
तो अभ्यास 16 बायकांवर होता, तो पण आकडा सांगायचा होता ना. एवढ्यावर कोणी दूध सोडतं का? तुमच्या नावातच निकाल आहे म्हणा.

दूध_नको
आणि तुमच्या नावात तर्क आहे, तोही दिसत नाहीये कुठे.

वाफाळलेली
सुरू झालं.

गाळणीतून
मी सहसा लिहीत नाही पण ज्येष्ठमधाबद्दल कोणीच बोलत नाहीये आणि त्या पोस्टमधली खरी गडबड तीच आहे. माझ्या काकांनी घसा खवखवतो म्हणून चहात ज्येष्ठमध सुरू केला, रोज, चार वेळा, गोड लागतो म्हणून साखर पण बंद, खूश होते. बीपीची गोळी चालू असून बीपी खाली येईना. डॉक्टरांनी गोळी बदलली, पथ्य बदललं, शेवटी काकूंनी सहज सांगितलं की हे असा चहा पितात, तेव्हा उलगडा झाला. ज्येष्ठमधात ग्लिसिरायझिन असतं, त्याने अंगातलं पोटॅशियम कमी होतं, बीपी चढतं. कधीमधी घसा धरला तर ठीक. पण रोजच्या चहात, आणि तेही बीपीवाल्यांनी, अजिबात नको. मीठ, लोणी, जॅम यावर चवीचं भांडण होऊ शकतं, यावर नाही.

कडक_आणि_कमी
हेच! हेच म्हणतोय मी मघापासून!

गाळणीतून
नाही हो, तुम्ही सगळ्यालाच नाही म्हणताय. मी एकाला म्हणतेय. मी स्वतः चहात संत्र्याची वाळवलेली साल घालते, बिनदुधाच्या, फार छान वास येतो.

उकळी_फुटली
साल चालते, रस मात्र नको. रस किंवा लिंबू पिळलं की रंग बघा कसा झर्रकन उतरतो, लालसर काळ्याचा सोनेरी. चहाचे रंगकण आम्लात फिके पडतात. उलट सोडा टाकला तर गडद. काश्मिरी नून चहाचा गुलाबी रंग त्यानेच येतो, हिरवी पत्ती खायच्या सोड्यात भरपूर वेळ उकळायची, लालभडक अर्क निघतो, मग दूध आणि मीठ. परत मीठ, बरं का.

तर्कटराव
आता मूळ प्रश्नावर एक शेवटचं, आणि हे धागाकर्त्यांना आवडेल. आठव्या शतकात चीनमध्ये लू यू होऊन गेला, चहावर सगळ्यात आधी सविस्तर लिहिणाऱ्यांतला. तो अगदी तुमच्यासारखाच वैतागलेला. लोक चहात कांद्याची पात, आलं, बोरं, संत्र्याची साल, पुदिना टाकून रटरटा उकळतात, आणि तो म्हणतो हे गटारात ओतायच्या लायकीचं.

कडक_आणि_कमी
वा! बाराशे वर्षांपूर्वी एक तरी शहाणा होता. हा माणूस माझा. आलं पण गटारात म्हणाला, शांताताई ऐका.

शांता_स्वयंपाकघर
त्याला माझ्या हातचा मिळाला नसेल.

तर्कटराव
थांबा, पूर्ण ऐका. पाणी उकळायला लागलं की त्यात तो स्वतः मीठ घालायचा.

वाफाळलेली
😂😂😂

कडक_आणि_कमी
ठीक आहे. कणभर मिठाला माझी हरकत नाही, लिहून घ्या, फ्रेम करा. पण तो लू यू दूध घालत नव्हता, साखर घालत नव्हता, म्हणून त्याचं मीठ चालून गेलं असेल. लोणी नाही म्हणजे नाही. कॉफी तर मुळीच नाही, ज्याला चहा-कॉफीत निवड करता येत नाही त्याने दूध प्यावं.

बिनसाखरेचा
कॉफी-चहा एकत्र हाँगकाँगमध्ये नेहमीचा आहे, घट्ट गोड दूध घालून. मी प्यायलोय. वाईट नव्हता. चांगला होता असं म्हणत नाहीये.

दूध_नको
जॅमवर कोणी बोललंच नाही. रशियन लोक तो कपात ढवळण्यापेक्षा चमच्याने चाटतात आणि वर काळा चहा घेतात. तशा पद्धतीने मला पटतो. काळा, म्हणजे बिनदुधाचा, परत सांगतो.

अर्धा_कप_पूर्ण_मत
आज आलं आधी पाण्यात खळखळून उकळलं, मग पावडर, मग दूध. नाही फाटला. उकळी_फुटली दादा थँक्यू. सासूबाईंनी दुसरा कप मागितला. आता एकच शंका, गवती चहा पण आधीच टाकायचा का नंतर?

उकळी_फुटली
आधीच टाका, पात्या गाठ मारून, पाण्यातच. त्याने दूध फाटत नाही, पण नंतर घातला तर वास नीट उतरत नाही.

शांता_स्वयंपाकघर
गवती चहा शेवटी घालायचा आणि झाकण ठेवायचं. उकळला की वास उडून जातो. कोण शिकवतं यांना.