मदत हवी आहे : रेशीम पतंगाच्या मादीत कायाझ्मा नसताना गुणसूत्रांच्या जोड्या टिकतात कशा?

नमस्कार. प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी तुतीवरील रेशीम कीटकाच्या (बॉम्बिक्स मोरी) नर व मादी अळ्यांमधील अर्धसूत्री विभाजनाची (जननपेशी बनताना गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनाची) तुलना करत आहे. मादीपाशी येऊन काम अडले आहे.

नरात नेहमीचाच क्रम दिसतो. गुणसूत्रांच्या २८ जोड्या पॅकिटीनमध्ये (जोड्या पूर्ण जुळलेल्या असतात त्या टप्प्यात) सिनॅप्टोनीमल कॉम्प्लेक्सने, म्हणजे दोन गुणसूत्रांमधील प्रथिनांच्या चौकटीने, जुळतात, क्रॉसिंग ओव्हर (जोडीतील गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल) होते आणि अदलाबदलीच्या जागचे सांधे, म्हणजे कायाझ्मा, त्या जोड्यांना मेटाफेजपर्यंत (जोड्या पेशीच्या मध्यावर येईपर्यंत) धरून ठेवतात. मादीत, म्हणजे झेड आणि डब्ल्यू अशी भिन्न लिंगगुणसूत्रे असलेल्या लिंगात, क्रॉसिंग ओव्हर होतच नाही; म्हणूनच दुसऱ्या गुणसूत्रावरील अळीच्या खुणांचे जनुक आणि पिवळ्या रक्ताचे जनुक संकरित मादीकडून नेहमी एकत्र उतरतात, तर संकरित नराकडून त्यांची ताटातूट होऊ शकते.

ज्या लिंगात लिंगगुणसूत्रे भिन्न असतात त्याच लिंगात क्रॉसिंग ओव्हर बंद पडते, असा हॉल्डेन-हक्सली नियम सांगतो. माझ्या मते हे वर्णन झाले, स्पष्टीकरण नव्हे. फळमाशीचा नरही या नियमात बसतो, पण त्याच्यात सिनॅप्टोनीमल कॉम्प्लेक्स तयारच होत नाही. रेशीम कीटकाच्या मादीत मात्र ते पूर्ण तयार होते, पॅकिटीननंतर विरघळण्याऐवजी जाड होत जाते आणि पहिल्या ॲनाफेजमध्ये गुणसूत्रे दूर सरकल्यावर इलिमिनेशन क्रोमॅटिन म्हणून मध्यभागीच मागे उरते. एकाच नियमाखाली इतक्या उलट यंत्रणा असतील, तर नियमाकडे बोट दाखवून प्रश्न सुटत नाही.

माझी मुख्य शंका अशी की, जोडी धरून ठेवण्याचे काम हे जाड झालेले द्रव्य एकटेच करते, की भगिनी क्रोमॅटिडांना (एकाच गुणसूत्राच्या दोन प्रतींना) बांधणारी प्रथिनेही त्यात सहभागी असतात? पतंगांच्या गुणसूत्रांना एक ठरावीक सेंट्रोमिअर (विभाजनाचे धागे जोडले जातात ती जागा) नसल्यामुळे इतर प्राण्यांचे उत्तर इथे जसेच्या तसे लागू करणे मला धोक्याचे वाटते. शिवाय झेड आणि डब्ल्यू यांच्यात साम्य फारसे नसूनही ती एकमेकांशी जुळतात, तेव्हा शेवटच्या टप्प्यातील जुळणीला डीएनएचे क्रमसाम्य आवश्यकच नसते असे मानावे का?

एक प्रात्यक्षिक अडचणही आहे. अंडनलिकेतील आठ पेशींच्या गटात एक अंडपेशी आणि सात पोषक पेशी असतात, व पोषक पेशीही पॅकिटीनपर्यंत पोहोचतात. स्क्वॅश स्लाइडवर (पेशी दाबून पसरवलेल्या काचपट्टीवर) गट विस्कटल्यानंतर अंडपेशी खात्रीने कशी ओळखावी? ज्यांनी अळीच्या अंडाशयावर स्वतः काम केले आहे, त्यांनी अळीची योग्य अवस्था आणि पेशी रंगवण्याची (रंजनाची) पद्धत कृपया सविस्तर सांगावी.