फ्यूजनचा पैसा खरंच फ्रान्सला जातो का?
फ्यूजनच्या, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा काढायच्या तंत्राच्या, नावाखाली आपला पैसा फ्रान्सला जातो, असं वर एकानं लिहिलंय. अर्धंच खरं आहे भाऊ. इटर म्हणजे फ्रान्समध्ये अनेक देश मिळून बांधताहेत ते फ्यूजनचं यंत्र; त्याच्या बांधणीत भारताचा वाटा सुमारे 9 टक्के, पण त्यातला बहुतेक रोख नाही, वस्तूंच्या रूपात. त्या यंत्राचं क्रायोस्टॅट, म्हणजे जवळपास 30 मीटर उंचीचं पोलादी भांडं, त्याचे भाग गुजरातेत हजिऱ्याला घडले. कारागिरी इथंच शिकली गेली ना!

माझी तक्रार वेगळी. गांधीनगरच्या प्लाझ्मा संस्थेत (प्लाझ्मा म्हणजे फ्यूजनसाठी लागणारा अतितप्त, विद्युतभारित वायू) 1989 मध्ये 'आदित्य' हे फ्यूजन-प्रयोगाचं यंत्र सुरू झालं, 2013 मध्ये एसएसटी-1 या पुढच्या यंत्रात पहिला प्लाझ्मा आला. त्यापुढच्या, आपल्या देशातल्याच यंत्रासाठी पैसा नेमका कधी? आम्ही चंद्रपूरकडचे, कोळशाची राख आमच्या अंगणात, अन् हरभरा ओलायला लाईन मात्र रात्री बारानंतर.