इम्पीडन्स चढला म्हणून उंदीर सॅक्रिफाइस करायचा का?

सूक्ष्मतार:
उंदराच्या मेंदूत टंगस्टनच्या तारा बसवल्या, रोज १ किलोहर्ट्झला इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) मोजला आणि दोनेक आठवड्यांत आकडा चढला की 'इलेक्ट्रोड गेले' म्हणून जनावर सॅक्रिफाइस करून, म्हणजे मारून, मोकळं व्हायचं, हे मला अजिबात पटत नाही. सुरुवातीला तो चढणारच, तारेभोवती मायक्रोग्लिया आणि अ‍ॅस्ट्रोसाइट या मेंदूतल्या पेशी जमतात, पुढे बऱ्याचदा स्थिरावतो. चढलेल्या चॅनेलवर छान स्पाइक (चेतापेशींचे विद्युत ठोके) दिसतात आणि आकडा सुंदर असलेला चॅनेल ढिम्म, असं कितीदा बघितलंय. सर्जरी सोसलेलं जनावर आहे ते, निदान सिग्नल तरी बघा!

ओहमवाला:
असहमत. तुम्ही फक्त रेकॉर्डिंगचं बोलताय. स्टिम्युलेशन, म्हणजे तारेतून मेंदूला करंट द्यायचा, तर करंट तेवढाच ठेवून इम्पीडन्स वाढला की व्होल्टेज जास्त लागतं, स्टिम्युलेटरची मर्यादा आली की ठरवलेला चार्ज जातच नाही आणि तुम्ही मात्र वहीत पूर्ण डोस लिहिता. असा डेटा वापरणं हाही जनावरावर अन्यायच ना? शिवाय इम्पीडन्स जास्त म्हणजे थर्मल नॉइज (उष्णतेमुळे येणारी विद्युत खरखर) जास्त, बारीक स्पाइक त्यात बुडतात.

सूक्ष्मतार:
स्टिम्युलेशनचं मान्य, तिथे आकडा बघायलाच हवा. पण रेकॉर्डिंगचं काय? माकडांच्या मेंदूत बसवलेल्या ७८ सिलिकॉन अ‍ॅरेंचा (अनेक इलेक्ट्रोडच्या संचांचा) अभ्यास २०१३ साली आला, त्यात जे बंद पडले त्यांपैकी निम्म्याहून जास्त अ‍ॅरे वर्षाच्या आत बंद पडलेले आणि सगळ्यात मोठं कारण मेकॅनिकल, त्यातही मुख्यतः कनेक्टर. मेंदूतली जखम नव्हे!

मेघना_व्हेट:
हेच लिहायला आले होते. एका रात्रीत तीनशे किलोओहमवरून थेट कित्येक मेगाओहम झालं तर ते टिश्यूचं काम नाही, टिश्यूमुळे आकडा हळूहळू चढतो. आधी हेडकॅपवरचा (उंदराच्या डोक्यावर सिमेंटने बसवलेल्या टोपीवरचा) कनेक्टर बघा, पिनांमध्ये वाळलेलं रक्त किंवा डेंटल सिमेंटचा कण सापडतो, आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसा, वाळू द्या, परत मोजा. ग्राउंडचा स्क्रू सैल असेल तर सगळेच चॅनेल एकदम बिघडतात.

ओहमवाला:
ताई, पुसून आकडा खाली आला की लोक खूश होतात, पण उतरणारा आकडा दरवेळी चांगलाच असतो असं नाही. तारेवरचं पॅरिलीनचं (एक प्लास्टिक) इन्सुलेशन झिजलं की महिन्यामहिन्याने इम्पीडन्स घसरतो आणि करंट भलतीकडून गळतो. रोजची नोंद नसेल तर हे कळणार कसं? मोजणं बंद करा म्हणाल तर माझा ठाम विरोध.

सूक्ष्मतार:
बंद करा कुठे म्हटलं मी? रोज मोजा, आलेख काढा. फक्त जनावर ठेवायचं की नाही हे त्या एका आकड्यावर ठरवू नका, एवढंच म्हणणं आहे आणि ते मी सोडणार नाही.